मयताच्या घरी मटण

हाती घेतलेलं काम तडीस नेणं हाच खरा मनुष्यधर्म होय, असं पिपरी मेघे येथील श्री. कृष्णकांत उमाटे यांचं ठाम मत होतं. हे मत ते आल्यागेल्याला अंगणाच्या भिंतीला टेकून सांगत. भिंत कमरेइतकी होती. ती पुरुषभर उंच व्हायची होती, पण दोन हजार अकरा साली गवंडी चहा प्यायला गेला, आणि त्यानंतर उमाट्यांना त्याला परत बोलवायला सवड झाली नाही.

भिंत एकटी नव्हती. घरात एक पेटी होती. तिच्यावर उमाट्यांना सा ते म एवढंच वाजवता येई. पुढचे सूर गुरुजींची बदली झाल्यामुळे राहिले. गच्चीवर वाफे होते, वाफ्यांत माती होती, मातीत बी नव्हतं. कपाटात एक कादंबरी होती, तिचा नायक दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी देवळीच्या बसमध्ये चढला होता आणि सोळा वर्षं झाली तरी उतरला नव्हता. कचेरीत मात्र वरिष्ठ लिपिक म्हणून त्यांचं एकही काम अपूर्ण नव्हतं, कारण कचेरीत अपूर्ण कामाला प्रलंबित म्हणतात.

त्यांच्या पत्नी मीराबाई शाळेत गणित शिकवत. गणिताच्या बाईंना उत्तरापर्यंत न पोचणाऱ्या माणसाबरोबर सव्वीस वर्षं काढावी लागणं हा एक अन्यायच म्हणायचा, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. कोणी विचारलंच तर त्या एवढंच म्हणत, "सुरुवात फार छान करतात."

फेब्रुवारीत वर्ध्याच्या एका कलामंडळानं हौशी लघुपटांची स्पर्धा जाहीर केली. आठ मिनिटांचा चित्रपट, कथापट किंवा माहितीपट, विषय मोकळा. उमाट्यांनी त्याच आठवड्यात पटकथा लिहून टाकली. नाव, 'भरल्यापोटी खून'. एक थोर आचारी असतो. एक थोर खाद्यसमीक्षक असतो. तो जेवतो, बोटं चाटतो आणि घरी जाऊन वर्तमानपत्रात लिहितो की मीठ किंचित जास्त होतं. आचारी त्याला एक शेवटचं जेवण घालतो. जेवण असं अप्रतिम, की त्यात विष आहे हे कळल्यावरही समीक्षक पुन्हा वाढून घेतो आणि मरतो. शेवटच्या दृश्यात अंगणात दुखवट्याला माणसं बसली आहेत, आतून त्याच जेवणाचा वास येतो, आणि रडता रडता सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

"मरण आणि भूक, एकाच चेहऱ्यावर," उमाटे दोन्ही हात पसरून सांगत. "काळा विनोद आहे हा."

यावर बहुतेक जण विचारत की मग हसायचं केव्हा.

मीराबाईंनी असं काही विचारलं नाही. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. उमाट्यांनी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, की हे एक काम आपण पूर्ण करणार म्हणजे करणार. बाईंनी लाल पेन क्षणभर थांबवलं आणि म्हणाल्या, "करा. मी कोणाला सांगत नाही."

टोमणा मारला असता तर उमाट्यांना काही वाटलं नसतं. बाई हे मायेनं म्हणाल्या होत्या. उद्या राहिलंच तर लोकांपुढे नवऱ्याची मान खाली जायला नको, एवढीच काळजी त्यात होती. ती उमाट्यांना अशी लागली, की त्या दिवसापासून त्यांना स्पर्धा जिंकायची नव्हती, नाव कमवायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, बायकोपुढे 'झालं' असं म्हणायचं होतं.

प्रवेशिका पाठवायची शेवटची तारीख शनिवार, पंचवीस एप्रिल, संध्याकाळी पाच. उमाट्यांनी चित्रीकरण ठेवलं शनिवारी, पंचवीस एप्रिल, सकाळी दहा.

माणसं मोजकीच होती. कॅमेरा नाचणगावच्या मंजुषाकडे. ही बाई लग्नांचं शूटिंग करणारी. पंचक्रोशीतल्या नवऱ्या तिच्याच कॅमेऱ्यासमोर रडून सासरी गेलेल्या. दुपारच्या लग्नाची फिल्म कापून-जोडून ती संध्याकाळच्या स्वागत समारंभात पडद्यावर लावत असे, म्हणून तर उमाट्यांना पाचाची मुदत डोंगराएवढी वाटत नव्हती. समीक्षकाचं प्रेत म्हणून डोमाजी. डोमाजी नालवाडीकडचा, स्वतःच्या वाडीतली भाजी मोपेडवर लादून रोज कॉलनीत विकायला आणायचा. भरघोस मिशा आणि सुटलेलं पोट, त्यामुळे तो एखादा मोठा समीक्षक शोभत होता. उमाट्यांनी त्याला आपला स्वतःचा काळा कोट घातला. हा कोट कॉलनीला चांगला ओळखीचा, कारण गेली वीस वर्षं तो प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक सव्वीस जानेवारीला उमाट्यांच्या अंगावर दिसला होता.

आणि स्वयंपाकाला कुंताबाई. कुंताबाई लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करणारी. तिच्या हातचं काळ्या मसाल्याचं मटण खाऊन भांडलेले व्याही एकत्र आल्याची उदाहरणं होती. उमाट्यांनी तिला समजावलं की ताट भलंमोठं हवं, त्यात मटणाचे दोनच तुकडे, बाजूला रश्श्याचे तीन ठिपके, आणि वर कोथिंबिरीचं एक पान. मोठ्या हॉटेलांत असंच वाढतात.

कुंताबाईनं ताटाकडे पाहिलं, मग उमाट्यांकडे पाहिलं. "एवढ्याशानं मानूस जहरानं काऊन मरन साहेब? हा तं भुकेनंच मरन."

ठिपके ती द्यायला तयार झाली, पण पातेलं तिनं आपलंच आणलं होतं. पन्नास माणसांच्या खाली मटण तिला करताच येत नव्हतं. मिठाचा अंदाज हाताला पन्नासाचाच होता, त्याखाली हात बसत नव्हता. मागच्या पडवीत तिनं चूल मांडली आणि फोडणी दिली. दोन प्लॉट पलीकडची कुत्री उठून बसली.

इकडे घरात वेगळीच तयारी चालली होती. हॉल लहान, म्हणून सोफा आणि दोन्ही खुर्च्या अंगणात काढल्या. जमिनीवर चटई टाकून डोमाजीला आडवं केलं, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली. दाराबाहेर कागद चिकटवला, 'कृपया शांतता राखावी. आत येऊ नये.' मंजुषानं डोळा लावला आणि सवयीनं म्हणाली, "काका, इकडे पाहा. थोडं हसा." डोमाजी हसला.

"डोमाजी, मेलेला माणूस हसत नाही," उमाटे म्हणाले.

"ताई म्हने हासा, म्हून हासलो जी."

असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तो बरोबर मेला. साडेअकरापर्यंत जेवण झालं, विष झालं, मरण झालं. आता राहिलं होतं एकच दृश्य, शेवटचं. त्याला उमाट्यांनी कचेरीतले चौघे सांगून ठेवले होते. पावणेबाराला चौघांचाही एकापाठोपाठ एक फोन आला, की रजा मंजूर झाली नाही. त्या कचेरीत रजेचे अर्ज उमाट्यांच्याच टेबलावर येत. चौघांपैकी एकाचाही अर्ज आला नव्हता.

उमाटे खाली बसले. पेटीचा म, नायकाची बस, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मंजुषानं सुचवलं की नुसत्या चपलांचा शॉट घेऊ, माणसं दिसलीच पाहिजेत असं कुठं आहे. उमाटे नाही म्हणाले. चेहऱ्यांशिवाय काळा विनोद होत नाही. डोमाजीनं चादरीतून विचारलं की आपण उठायचं का, मोपेडवरची मेथी सुकून राहिली आहे. त्याला पडून राहायला सांगितलं.

याच सुमारास समोरच्या घरातल्या यशोदाबाई गच्चीवर कुरडया वाळत घालायला चढल्या होत्या. भिंत कमरेइतकी, त्यामुळे उमाट्यांचं अंगण त्यांना ताटासारखं दिसत होतं. सोफा बाहेर. खुर्च्या बाहेर. अर्धवट लोटलेल्या दारातून पांढरी चादर, आणि चादरीच्या कडेनं बाहेर आलेली काळ्या कोटाची एक बाही.

यशोदाबाईंनी कुरडयांचं पातेलं तिथंच ठेवलं.

आता इथं एक रीत सांगितली पाहिजे. मयताच्या घरी 'कोण गेलं' असं विचारत नाहीत. चपला काढायच्या, बसायचं, शेजारी बसलेला काही बोलला तर मान हलवायची. तासाभरात सगळं आपोआप कळतं. रीत चांगली आहे, घरच्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागत नाही. तिच्यात फक्त एवढंच गृहीत धरलेलं आहे, की बसलेल्यांपैकी निदान एकाला तरी खरं ठाऊक असतं.

यशोदाबाईंनी शेजारच्या आनंदाबाईंना बोलावलं, दोघी अंगणात येऊन बसल्या. त्यांना बसलेलं पाहून आणखी चौघी आल्या. बायका बसल्या म्हणून पुरुष आले. आणि पुरुष आले म्हणून हिरालालजी आले.

हिरालालजी निवृत्त होते आणि मयतीचे जाणकार होते. बांबूवाला, मडकी विकणारा, शववाहिनीचा ड्रायव्हर, सगळ्यांचे नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये असत. लग्नात त्यांना कोणी विचारत नसे, पण मयतीत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. त्यांनी दारावरचा कागद वाचला, आत न जाता हात जोडले, आणि कॉलनीच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'उमाटे यांचेकडे दुःखद घटना. काढण्याची वेळ नंतर कळवू.' मग त्यांनी बांबू आणि मडकं मागवलं.

खिडकीच्या पडद्याआडून उमाट्यांनी अंगण पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. महिन्यापूर्वी त्यांनी त्याच ग्रुपवर आवाहन केलं होतं, की अभिनयाची आवड असणाऱ्यांनी शनिवारी पांढरे कपडे घालून यावं. कोणी अंगठासुद्धा दाखवला नव्हता. आणि आता पंचवीस-तीस माणसं, न सांगता, वेळेवर, पांढऱ्या कपड्यांत!

"कॅमेरा खिडकीला लाव," ते मंजुषाला म्हणाले. "कॉलनी म्हणजे काय असते ते आज कळलं मला."

मंजुषानं तसंच केलं. एवढ्यात वारा फिरला आणि मागच्या पडवीतला वास अंगणात शिरला.

पहिल्यांदा हुंगलं ते यशोदाबाईंनी. त्यांचा पदर डोळ्यांवरून नाकावर आला. मग आनंदाबाईंचा हुंदका मध्येच थांबला. एकेक नाक वर होऊ लागलं आणि एकेक नजर खाली जाऊ लागली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, इथं तर मटण शिजत होतं. पण विचारायचं कोणी? कोणी म्हणालं वास मागच्या गल्लीतला असेल, तर सगळ्यांनी सुटका झाल्यासारखी मान हलवली. आणि मान हलवता हलवता प्रत्येकानं एक-एक आवंढा गिळला. बारा वाजून गेले होते. आलेल्यांपैकी निम्मी माणसं ताटावरून उठून आली होती. एक गृहस्थ डोळे पुसत होते आणि त्याच रुमालानं तोंडही.

"सर," मंजुषा कुजबुजली, "असे चेहरे मले फक्त पंगत उशिरा बसली का भेटते."

उमाट्यांना आपल्या पटकथेचं शेवटचं पान डोळ्यांसमोर जिवंत दिसत होतं. मरण आणि भूक, एकाच चेहऱ्यावर, आणि असे तीस चेहरे. काय अभिनय! त्यांनी ऐकायला कान पुढे केला.

"देवमाणूस होता," हिरालालजी म्हणत होते. "कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"मधातच तं होते," आनंदाबाई म्हणाल्या. "जे घेतलं ते मधातच सोडलं बिचाऱ्यानं. ही भिंत पाहा नं."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. कोणी पेटीची आठवण काढली, कोणी वाफ्यांची. हिरालालजींनी कादंबरीही ऐकलेली होती. मग त्यांनी उसासा टाकला. "आज मात्र पूर्ण करून गेले."

पडद्याआड उमाटे उभे होते ते तसेच राहिले. इतका वेळ त्यांना वाटत होतं की मंडळी डोमाजीला रडत आहेत. डोमाजीनं मात्र पडल्यापडल्या एक डोळा उघडला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "थे तुमाले रडून राह्यले जी."

जे कळायला उमाट्यांना तासभर लागला होता, ते प्रेतानं एका वाक्यात सांगितलं. त्यांनी पुन्हा बाहेर पाहिलं. दोन बायका झाकलेली पातेली घेऊन फाटकातून येत होत्या. चून-भाकर. मयताच्या घरच्यांच्या तोंडात शेजाऱ्यांनी पहिला घास घालायचा तो डाळीच्या पिठाच्या चुनाचा आणि भाकरीचा. कोपऱ्यात हिरालालजी जमिनीवर बांबू मांडून सुतळीनं तिरडी बांधत होते आणि एकाला सांगत होते, की उमाटे साडेपाच फूट, पण कोटामुळे जरा रुंद धरा.

खरं तर लगेच बाहेर जायला हवं होतं. पण मंजुषानं त्यांची बाही धरली. दोन मिनिटं, म्हणाली, दोनच मिनिटं अजून मिळाली की शेवटचं दृश्य पुरं, मग चारपर्यंत कापून-जोडून देते. दोन मिनिटं थांबायचं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट शेवटाला जाणार. उमाटे थांबले. थांबण्यात काही वाईट नव्हतं असं त्यांनी स्वतःला समजावलं. लोक आधीच रडले होते, दोन मिनिटांत काही नवीन रडणार नव्हते.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली.

मागच्या सीटवरून मीराबाई उतरल्या. ग्रुपवरचा संदेश शाळेत पोचला होता. वाचून त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणालं होतं की बाई, घरी चला. त्यांच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच होता, लाल पेन त्याच्यात खोचलेलं. अंगणातली माणसं उठून बाजूला झाली. यशोदाबाईंनी त्यांना जवळ घेतलं आणि मोठ्यानं रडू लागल्या. मीराबाई रडल्या नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं, दारावरचा कागद पाहिला. कागदावर नवऱ्याचं अक्षर होतं. पण आपल्या मयतीचा फलक माणूस आपल्या हातानं लिहून ठेवतो का, हे गणित त्या क्षणी त्यांना सुटलं नसावं. मग त्यांची नजर सोफ्यावर गेली. सोफ्याची खोळ एका बाजूनं निघून लोंबत होती. बाई वाकल्या, खोळ नीट केली, कोपरा आत खोचला, हातानं सुरकुती काढली. मग दुसऱ्यांदा तीच सुरकुती काढली. मग तिसऱ्यांदा. तिथं आता सुरकुती नव्हती.

खिडकीतून हे पाहिलं आणि उमाटे दार उघडून बाहेर आले.

"मीरा," ते म्हणाले, "मी आहे."

अंगणात कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. फक्त हिरालालजींच्या हातातली सुतळी खाली पडली. लोकांचं तोंड उघडं राहिलं, तेही बराच वेळ.

मीराबाईंनी नवऱ्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग विचारलं, "सोफा बाहेर कोणी काढला?"

"मी."

"मला वाटलं मेलात तुम्ही."

"नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या. गुडघ्यावरचा गठ्ठा यशोदाबाईंनी हळूच काढून घेतला.

"मग आत कोण आहे?" हिरालालजींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. बांबू आलेले होते.

"मी आहो जी," म्हणत डोमाजी दारात आला, कोटासकट. एक बाई जी आतापर्यंत धीरानं बसली होती ती आता किंचाळली. डोमाजी तिला ओळखत होता; तिला म्हणाला की घाबरू नका, मेथी अजून चांगली आहे.

मग अर्थात बोलणी बसली. ती इथं सविस्तर देण्यात अर्थ नाही. कोणी म्हणालं मरणाची थट्टा करू नये, कोणी म्हणालं आम्ही आंघोळ करून उपाशी आलो, आणि बहुतेकांनी दोन्ही म्हटलं. हिरालालजी फार दुखावले होते. त्यांचं म्हणणं, बांबू एकदा घरी आला की परत घेत नाहीत, मडकंही नाही, या वस्तू कोणाच्या तरी कामी यायलाच पाहिजेत. हे म्हणताना ते उमाट्यांकडे ज्या नजरेनं पाहत होते, ती उमाट्यांना आवडली नाही. त्यांनी सगळ्यांची हात जोडून माफी मागितली. चित्रपट होता, म्हणाले. तुम्ही हौसेनं आलात असं वाटलं. चूक माझी.

मग ते सोफ्याजवळ गेले आणि मीराबाईंना हळूच म्हणाले, "नाही झालं पूर्ण. शेवटचं दृश्य राहिलं. राहू दे."

ह्या वाक्याला नेहमी एक शेपूट असे. गवंडी, बदली, सवड, असं काहीतरी. या वेळी नव्हतं. बाईंनी ते बरोबर हेरलं. त्या नवऱ्याकडे पाहू लागल्या, जरा वेगळ्या नजरेनं, उत्तर चुकलेलं पण रीत बरोबर असलेल्या पोराकडे पाहतात तशा.

"तुम्ही आतच थांबला असता तर झालं असतं ना?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनिटं हवी होती."

"मग बाहेर का आलात?"

उमाट्यांनी वाकून सोफ्याच्या खोळीचा कोपरा आणखी आत खोचला. कुंताबाई डाव हातात घेऊन पडवीतून आली होती, ती म्हणाली, "जाऊ द्या नं बाई. मेल्याची खोटी बातमी आली का मानसाचं आयुष्य वाढते म्हन्तेत."

"यांचं वाढलं तरी अर्धंच वाढेल," मीराबाई म्हणाल्या.

पहिल्यांदा आनंदाबाई हसल्या. मग हिरालालजी सोडून सगळे हसले. आणि त्या हसण्यात खिडकीतून मंजुषाचा आवाज आला, की हसा, पण कोणी कॅमेऱ्याच्या आड येऊ नका.

लग्नाचं शूटिंग करणारी बाई पाठवणीच्या वेळी कॅमेरा बंद करत नाही. दिग्दर्शक निघून गेला, प्रेत उठून गेलं, तरी मंजुषाचा हात बटनाकडे गेला नव्हता. बाई रडताना दिसली की शूट करत राहायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं. सोफ्याची खोळ, तिसऱ्यांदा काढलेली सुरकुती, दार उघडून आलेले उमाटे, सुतळी पडलेले हिरालालजी, सगळं आत होतं.

उमाट्यांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजायला आला होता. पण लोकांना फसवून घेतलेलं आपण वापरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं; कोणाची हरकत असेल तर आत्ताच पुसून टाकू. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मीराबाई उभ्या राहिल्या आणि चाळीस पोरांच्या वर्गाला बोलावं त्या आवाजात म्हणाल्या, "ज्यांची हरकत आहे त्यांनी हात वर करा. बाकीच्यांनी हात धुवा."

कोणी हात वर केला नाही. यशोदाबाईंनी फक्त विचारलं की आपण रडताना चांगल्या दिसतो का. हिरालालजींची अट एकच, तिरडी नीट दिसली पाहिजे, कारण गाठ त्यांची स्वतःची होती.

हात धुण्यावरून पुन्हा अडलं. दुखवट्याहून आल्यावर आंघोळीशिवाय जेवायचं कसं? जाणकार म्हणून निकाल हिरालालजींनी द्यावा असं ठरलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला. मयत झालेली नाही, सबब आंघोळ नको. पण चून-भाकर आलेली आहे, ती दारातून परत न्यायची नसते, सबब पहिला घास तिचा. त्यानंतर काय खावं यावर शास्त्र काही बोलत नाही.

अंगणात पंगत बसली. उमाट्यांनी बायकोला चून-भाकरीचा पहिला घास दिला, सगळ्यांदेखत, ती लाजली. मग कुंताबाईनं पातेलं आणलं. तीन ठिपके आणि कोथिंबिरीचं पान हा प्रकार तिनं मनातूनही काढून टाकला होता, ती डावानं वाढत होती. डोमाजीनं तीनदा घेतलं आणि म्हणाला की याच्यासाठी पुन्हा मरायला आपण तयार आहोत. हिरालालजी शेवटी जेवायला बसले, रुसून, आणि सगळ्यांत शेवटी उठले.

मंजुषा हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसली, एका हातानं भाकर खात, दुसऱ्यानं कापत. चार वाजता तिला आणखी रस्सा दिला. पाचला सहा मिनिटं कमी असताना उमाट्यांनी स्वतः बटन दाबलं आणि स्क्रीनवर पोच आली. ते उठले, पडवीत गेले. मीराबाई कुंताबाईला भांडी आवरू लागत होत्या.

"झालं," उमाटे म्हणाले.

बाईंनी हात पुसले. "काय झालं?" त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं.

"पूर्ण झालं."

मे महिनाभर कॉलनीत दुसरा विषय नव्हता. मध्येच एकदा परीक्षकांपैकी एकाचा फोन आला. आवाज फार मृदू होता. मयताच्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे ना, असं त्यांनी विचारलं. उमाट्यांनी सांगितलं की मयत रोज सकाळी आमच्याकडे भाजी देतो, आज गवार होती. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. 'भरल्यापोटी खून'ला पहिलं पारितोषिक मिळालं. बक्षीस घ्यायला आख्खी कॉलनी गेली. हिरालालजी पहिल्या रांगेत बसले. व्यासपीठावरून परीक्षकांचा अभिप्राय वाचून दाखवण्यात आला. आपल्या भागातल्या दुखवट्याच्या प्रथांचं असं प्रामाणिक चित्रण क्वचितच पाहायला मिळतं. एकाही माणसानं अभिनय केलेला नाही, हे या कलाकृतीचं मोठं बळ आहे. खुनाचा त्यात उल्लेख नव्हता. टाळ्या खूप झाल्या. मीराबाईंनी सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या आणि येताना बसमध्ये प्रमाणपत्र स्वतःच्या मांडीवर धरून ठेवलं.

पारितोषिक माहितीपट विभागातलं होतं. त्या विभागात ती एकच प्रवेशिका आली होती.